गावदेवीचं वळण

"पायडल मारा बाबा. तुम्ही मारलं तरच रस्ता पुढं सरकतो," कुंदन म्हणाला.

हॉलच्या मधोमध नामदेव आपल्याच जुन्या काळ्या सायकलवर बसला होता. मागचं चाक लोखंडी स्टँडात अडकवलेलं, चाकाखाली रोलर, समोर त्या रोलरला जोडलेला टीव्ही. बसला होता म्हणजे काय, बायकोनं आणि मुलानं दोन्हीकडून धरून बसवला होता. बाथरूममध्ये घसरून पडल्यापासून त्याचा डावा पाय रुसला होता. हाड जुळलं, आता पायात काही नाही, भीती आहे ती डोक्यात, असं डॉक्टर म्हणाले. पण डोक्याला प्लास्टर कोण घालणार? कुणी धरल्याशिवाय नामदेव त्या पायावर भार म्हणून टाकत नव्हता.

पहिल्या दिवशी कुंदननं टीव्हीवर परदेशातला घाट लावला होता. बर्फाचे डोंगर, धुतल्यासारखा रस्ता. नामदेवनं चार पायडल मारली आणि पाय आवरले. "ना वळख, ना पाळख. कोनाच्या गावात घुसवलंस मना?"

म्हणून मग कुंदननं स्कूटरला मोबाइल बांधला आणि शिरवण्यातल्या घरापासून पावण्यापर्यंतचा रस्ता टिपून आणला. बापानं जन्मभर कंपनी गाठली तो रस्ता.

शेवंताबाई मागं स्टुलावर बसली होती, नवऱ्याचा तोल गेला तर धरायला. तिचं लक्ष टीव्हीकडे नव्हतं, त्याच्या पाठीकडे होतं. ज्या माणसानं कधी कुणाला पाण्याचा तांब्या मागितला नाही, तो आता मोरीपर्यंत जायलासुद्धा हाक मारायचा. आणि हाक मारताना मान खाली घालायचा. ते तिला बघवत नव्हतं. हा असाच दुसऱ्याच्या हातावर राहिला तर आतून संपून जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पायडल फिरलं. टीव्हीतली गल्ली सरकली.

"आरं, ही ज्योतिबाची गिरन ना?" नामदेव पुढं वाकला. "शटर खाली हाय. आनि वर बघ, केवढे मजले चडवलेत!"

"भाड्यानं दिलेत," शेवंताबाई म्हणाली. "तो बसून खातो आता."

"खाईल नाय तर काय. लय पीठ खाल्लंय आयुष्यभर."

कुंदन हसला. पायडलनं वेग घेतला. चाक घूं घूं करायला लागलं, नामदेवच्या मानेवर घाम आला. किती दिवसांनी तो घाम शेवंताबाईला दिसला! तिला वाटलं, उठावं आणि पदरानं टिपावा. पण ती स्टुलावरून हलली नाही. चांगल्या चाललेल्या गोष्टीला नजर लागते.

गल्ली संपली. वळणावर गावदेवीचं देऊळ आलं, आणि पायडल थांबलं. पायडल थांबलं तसं टीव्हीत देऊळही थांबलं.

"दमलात का?" कुंदन म्हणाला. "थांबू नका बाबा, आत्ता कुठं लय लागलीय."

नामदेवनं ऐकलंच नाही. त्यानं अंगठ्यानं घंटी वाजवली आणि मागं न बघता म्हणाला, "शेवंते, उतर."

शेवंताबाई स्टुलावरून उठलीसुद्धा. का उठली ते तिला नंतर कळलं. देवीपुढून सायकलवर बसून जायचं नाही, ही गावाची रीत. कंपनीचा भोंगा होवो नाहीतर अंगावर ताप असो. उतरायचं, चप्पल काढायची, हात जोडायचे आणि वळण संपेपर्यंत पायी जायचं. दोघं सायकलवर असली की आधी कॅरिअरवरून ती उतरायची, मग तो.

नामदेवनं हँडल घट्ट धरलं. उजवा पाय मागं घेतला, कॅरिअरवरून फिरवला आणि खाली आणू लागला. सगळं अंग डाव्या पायावर आलं.

"बाबा!" कुंदन धावला.

शेवंताबाईनं त्याचं मनगट पकडलं. "हात लावू नको."

डावा पाय थरथरला. गुडघ्यात वाकला, सावरला, आणि उभा राहिला. नामदेवनं एकेक करून स्लीपर काढल्या, हँडल सोडलं, हात जोडले. टीव्हीत आहे बाबा ते, हे वाक्य कुंदनच्या ओठावर आलं होतं. आईच्या तोंडाकडे पाहून त्यानं ते गिळलं.

"शूटिंग घेताना उतरला व्हतास का?" नामदेवनं विचारलं.

"स्कूटर होती, बाबा."

"स्कूटरवरनं देवी दिसत नाय काय?"

कुंदननं मान खाली घातली आणि पायातली चप्पल काढली.

आता वळण संपेपर्यंत चालायचं. पण देऊळ काही हलेना. हलणार कसं, चाक फिरलं तर ना! नामदेव सायकलजवळ तसाच खोळंबून राहिला. तो टीव्हीकडे बघत होता, पायाकडे नाही. त्यानं एकदा जरी खाली पाहिलं तर भीती परत येईल, हे शेवंताबाईनं ओळखलं.

ती पदर खोचून सायकलपाशी उकिडवी बसली आणि पायडल हातानं फिरवू लागली. देऊळ हळूच मागं सरकलं. नामदेवनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं, डावं. हॉलच्या मधून खिडकीकडे तो निघाला, अनवाणी, कुणाचाही हात न धरता. शेवंताबाईच्या डोळ्यांना धार लागली, काही दिसेना, आणि हात आपोआप भरभर फिरायला लागला.

"दमानं फिरव गो," खिडकीकडून नामदेव म्हणाला. "मी चालतोय."