सुटा हार

पहिलवानाची गदा. नटाचा जरीचा फेटा. दिवाणसाहेबांची चांदीमुठीची काठी. या वस्तू मागं ठेवून तिघंही वारले, आणि तिन्ही वेळा पैज पार्बताबाईनं जिंकली. अकोल्याच्या फूलबाजारात खेळच तसा होता. पेपरात बडी माणसं आजारी दिसली, की प्रत्येक माळीण ‘आता हाच जाणार’ म्हणून एकाच्या नावानं हार गुंफायची आणि टोकं सुटी ठेवायची. मयताच्या हाराला गाठ नसते. “आज कोनीच बिमार नाही,” शेजारची म्हातारी दुर्गाबाई हसली. “माह्याच नावानं ठेव नं वं, पार्बते!” “मावशी, जिभेले काही हाड! काहून असं बोलता तुमी?” पार्बताबाईनं घाईघाईनं पुढ्यातल्या साऱ्या हारांना गाठी मारल्या. दुसऱ्या सकाळी दुर्गाबाई आली नाही, तिच्या मरणाची बातमी आली. पार्बताबाईनं आपली टोपली उपसली. तळाशी, ओल्या फडक्याखाली, एक हार सुटाच होता. गाठ मारायला तिला दुर्गाबाईनंच शिकवलं होतं.