स्क्रूड्रायव्हरवरची बाई

प्रयोगशाळेतल्या बाई साक्षीला उभ्या राहिल्या, तशी कुलूपवाल्याची बायको बाकावर पुढे सरकून बसली. आज त्या दुसरीचा छडा लागणार होता.

गेले कित्येक महिने त्या बाईने तिची झोप उडवली होती. सोनाराची तिजोरी फुटली आणि तिथे नवऱ्याचा स्क्रूड्रायव्हर सापडला, त्याचं तिला नवल वाटलं नव्हतं. हा माणूस जिथे कुलूप दुरुस्त करायला जाई, तिथे काही ना काही विसरून येई, आणि सोनाराकडेही तो नुकताच जाऊन आला होता. एकदा तर सायकल विसरून चालत घरी आला होता. पण मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर एका अनोळखी बाईच्या थुंकीचे कण होते. पोलिसांनी गोष्ट जुळवून टाकली. याने हत्यार पुरवलं, तिने तिजोरी उघडली. तेव्हापासून चौकीत साहेब विचारत, ती कोण? जामिनावर घरी आला तर बायकोच्याही डोळ्यांत तोच प्रश्न. साहेब निदान मधूनमधून चहा तरी पाजत. घरी नुसता अबोला. ताट समोर आदळलं जाई, तेवढाच काय तो संवाद.

सरकारी वकिलांनी ऐटीत सुरुवात केली. माणूस खोटं बोलेल, डीएनए बोलणार नाही, हे न्यायाधीशांना दोनदा ऐकवून झालं. मग त्यांनी विचारलं, त्या अनोळखी बाईबद्दल आणखी काही कळलं का?

"कळलं," बाई म्हणाल्या. "ती मीच."

कुलूपवाल्याची बायको ताडकन उभी राहिली. पिकत चाललेले केस, जाड भिंगाचा चष्मा, चांगली शिकलीसवरलेली बाई! शिपायाने डोळे वटारले तेव्हा कुठे ती खाली बसली. आरोपीच्या पिंजऱ्यात नवरा आ वासून बाईंकडे बघत होता. उभ्या जन्मात त्यांना पाहिलं नसावं, असाच त्याचा चेहरा होता.

बाई शांतपणे सांगत राहिल्या. काम करताना बोलायची त्यांना खोड. समोर माणूस नसला तर त्या वस्तूशीच बोलत. स्क्रूड्रायव्हर तपासायला आला त्या दिवशी मास्क हनुवटीवर ओढून त्यांनी त्याला विनवलं होतं, बाबा रे, आता तूच काय ते सांग. अलीकडे नवा नियम आला. सापडलेला डीएनए आधी प्रयोगशाळेतल्या माणसांशी ताडून बघायचा. बाईंनी हे जुनं प्रकरणही आपण होऊन ताडून पाहिलं, आणि गाठ स्वतःशीच पडली. विचारलं तरच सांगा, असं वरिष्ठांनी बजावलं होतं. आता सरकारी वकिलांनीच विचारलं होतं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "इतक्या वर्षांत असं आधी कधी झालं होतं?"

"झालंही असेल, साहेब," बाई म्हणाल्या. "तेव्हा आम्ही सांगितलं की सगळे माना डोलवायचे. उलट कुणी विचारायचंच नाही. आम्हीसुद्धा नाही."

न्यायाधीशांनी ते शब्द सावकाश लिहून घेतले. सरकारी वकील कागद आवरू लागले. सगळा खटला त्या बाईवर उभा होता, आणि ती बाईच उरली नव्हती. जेवणाच्या सुट्टीआधी कुलूपवाला सुटला.

व्हरांड्यात तो बायकोसमोर येऊन उभा राहिला. तिला हसू येत होतं आणि रडूही. त्याचा उसवलेला खिसा, वंगणाने काळी झालेली नखं तिने डोळे भरून पाहून घेतली.

"तरी मला वाटलंच," ती म्हणाली. "तुम्हाला कुठली मिळायला दुसरी बाई!"

इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच एवढं बोलली होती. मोठं कौतुक झाल्यासारखा तो हसला. दोघं फाटकापाशी पोचली, तोच मागून शिपाई हाका मारत धावत आला. न्यायाधीशांनी परत द्यायला लावलेला स्क्रूड्रायव्हर कुलूपवाला टेबलावरच विसरला होता.