आईची उंची

"एकशे एकावन्न," डॉक्टर म्हणाले आणि भिंतीवरच्या उंचीच्या मापाची आडवी पट्टी त्यांनी आईच्या डोक्यावरून वर सरकवली. "मागच्या तपासणीत एकशे पंचावन्न होती. चार सेंटिमीटर घटलीय, बाई."

आईची पर्स मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या लेकीच्या जिवात जीव आला. हेच ऐकायला तिने आज रजा काढली होती. आई त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा बर्फाच्या समुद्रावर निघाली होती आणि तिला अडवणं घरात कुणाच्या बापाला जमलेलं नव्हतं. जहाजावर चढायला डॉक्टरांचा दाखला लागायचा. आता ते काम ही पट्टी करणार होती.

"घटली तर घटली. मी काय डोलकाठीवर चढायला चाललेय? मायक्रोस्कोपपुढचं स्टूल वर करता येतं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आईच्या पाठीचा एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला. "हाडांचा रिपोर्ट काठावर आहे. जहाज डोलतं. तिकडे पडलात तर उचलून आणायला कोण येणार?"

"तिथे पडून उठलेय मी. तुम्ही तेव्हा रांगत असाल."

हा सूर लेकीच्या ओळखीचा होता. तो पहिल्यांदा लागला तेव्हा ती स्वतः रांगत होती, पण घरात ती गोष्ट इतक्या वेळा झाली होती की तिला पाठ होती. त्या काळी संशोधनाच्या जहाजावर बायकांसाठी खोली नव्हती, म्हणून आईला नेत नसत. पुरुष समुद्रावर जाऊन यायचे आणि प्रयोगशाळेत आईच्या टेबलावर बरण्या यायच्या. बरण्यांत क्रिल असायचे. बोटाएवढा, कोळंबीसारखा जीव. तिकडचे देवमासे आणि पेंग्विन त्याच्यावरच जगतात. एका वर्षी सगळे क्रिल अर्ध्या लांबीचे निघाले. साहेबांनी खुशीत जाहीर केलं, यंदा पिलंच पिलं आहेत, समुद्र भरभरून व्यायलाय.

आई मोजता मोजता थांबली. अंग पिलाचं होतं, डोळे मोठ्याचे. क्रिल उपाशी राहिला की कात टाकल्यावर वाढत नाही, उलटा आक्रसतो. डोळे तेवढे आक्रसत नाहीत. बरणीत पिलं नव्हतीच. उपासमारीने अर्धी झालेली जुनी खोडं होती, आणि समुद्र ओसाड पडत चालला होता.

"तू समुद्र कधी पाहिलायस तरी का?" साहेबांनी विचारलं होतं.

"समुद्र नाही पाहिला, सर. यांचे डोळे पाहिलेत."

पुढच्या फेरीला दोरखंडांची कोठी रिकामी करून आईला खोली दिली गेली. तिच्याआधी त्या जहाजावर एकही बाई चढली नव्हती. मग निवृत्त होईपर्यंत आई दर वर्षी जात राहिली. परत आली की तिच्या स्वेटरला डांबराचा वास यायचा. लेकीच्या शाळेतल्या प्रत्येक स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत मावशी बसायची.

आज बाहेर बाकावर नंबराची वाट बघत असताना आईच्या फोनवर एक फोटो आला होता. गेल्या फेरीवर जाऊन आलेल्या, तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी पाठवलेला. खाली लिहिलं होतं, "बाई, यंदा पिलंच पिलं! मशीनने मोजलीत."

"किती गोड आहेत गं," लेक म्हणाली होती.

आईने फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला. "गोड कसली? आज्या आहेत सगळ्या. डोळे बघ."

"मग फोनवर सांग की त्यांना."

"सांगितलं. म्हणतात, मशीन चुकत नाही. अगं, लांबी बरोबरच आहे त्याची. पण पुढच्या हंगामात तिथे क्रिल धरायला जाळी किती टाकायची, ते या मापावर ठरणार आहे. या दीडशहाण्यांना शेजारी बसवून एकेक डोळा दाखवायला लागेल."

तेवढ्यात आत बोलावणं आलं होतं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "मला दोन्ही लिहिता येईल. बसून काम, चढउतार नाही, अशा अटीवर सोडता येतं. किंवा सरळ नाही म्हणता येतं. पण रिपोर्ट असा काठावर असला की मी घरच्यांना विचारल्याशिवाय लिहीत नाही." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "बोला. तुमचं काय म्हणणं?"

"माझ्याबद्दल तिला काय विचारता?" आई म्हणाली. "तिला मी जन्माला घातलंय."

लेकीने उत्तर घरूनच तयार करून आणलं होतं. नाही म्हणून लिहा, डॉक्टर. एवढंच. ते म्हणायला तिने तोंड उघडलं आणि आईकडे पाहिलं.

चिडून बोललेलं विसरून आई केव्हाच उजेडाच्या काचेपाशी पोचली होती. खांदे आत आले होते. कुडता अंगावर लोंबत होता आणि मनगटं तर नातीच्या मनगटांएवढी झाली होती. मान तिरकी करून, नाक काचेला लागेल इतकी पुढे वाकून ती आपल्याच पाठीचे मणके एकेक करून बघत होती, जणू कुणीतरी नवी बरणी आणून पुढ्यात ठेवली होती.

"हा एक बसलाय बघा," ती स्वतःशीच पुटपुटली. "आणि त्याच्या खालचा थोडासा. बाकीचे झकास आहेत."

डॉक्टर अजून थांबले होते. लेकीने आईची पर्स खांद्याला अडकवली आणि ती उठून उभी राहिली.

"उंचीवर जाऊ नका, डॉक्टर," ती म्हणाली. "तिचे डोळे बघा."