दोन्ही कान ठीक

पत्र्याची पिंपं ठोकून ठोकून नवऱ्याचे कान कामातून गेले होते, म्हणून भरतीवाल्यांनी त्याला दोनदा घरी धाडलं होतं. लढाई लांबली आणि तिसऱ्या वेळी त्यांनीच बोलावणं पाठवलं, तेव्हाच बायकोच्या मनात पाल चुकचुकली. ती तपासणीच्या खोलीच्या दारातच ठाण मांडून बसली.

डॉक्टर नवऱ्याच्या पाठीमागे उभे राहून हळूच म्हणाले, “बत्तीस.” नवरा ढिम्म हलला नाही. डॉक्टरांनी मान खाली घालून लिहिलं, ‘दोन्ही कान ठीक.’

“अहो, ह्यांना काही ऐकू आलेलं नाही!” ती उठलीच.

भरतीचे साहेब हसले. “वहिनी, पुढे चाल करायला कान कशाला लागतात?”

इतकं गोड बोलणं तिच्या काही पचनी पडलं नाही. गाडी सुटताना तिने नवऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला बजावलं, “भाऊ, ह्यांना हाक मारू नका. खांद्यावर हात ठेवा.”

चार महिन्यांनी सरकारी पत्र आलं.

‘शिपाई आघाडीवर ठार. माघारी फिरण्याचा हुकूम तीनदा ओरडून देण्यात आला होता. नोंदीनुसार दोन्ही कान ठीक असूनही त्याने तो पाळला नाही.’