दोन ओळींची पंगत

दोन्ही ओळींतली बोंडं सारखीच टिकली होती आणि सुधाकरसरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पहिली वीस-वीस झाडं त्यांनी तीनदा मोजली. फरक शून्य. आता आली का पंचाईत!

शहाण्णव साल होतं. सुरतेबाहेरच्या या शेतावर सर देशी कापसाच्या फुलांना अमेरिकन कापसाचा पराग लावून घेत. एरवी पराग लागला की आत धरलेलं कोवळं बीच झाडाला संप्रेरकाचा निरोप धाडतं, मी आलोय, मला टाकू नको. पण असल्या परक्या सोयरिकीत बी अशक्त. त्याला तेवढा दम नसतो आणि बोंड गळतं. म्हणून तो निरोप सर बाहेरून देत होते. एका ओळीच्या बोंडांना संप्रेरकाचं औषध, दुसरीला नुसतं पाणी. उद्या मोठे साहेब निकाल बघायला येणार होते. फरक दिसला नाही तर तीन वर्षांचं काम बंद.

बोंडांना औषधाचा नाहीतर पाण्याचा ओला बोळा लावायचं काम कलाबाईचं. मूळची धरणगावची, आता सुरतेतल्या पांडेसऱ्याहून रोज यायची. सर बांधावर डोकं धरून बसलेले बघून ती हातातलं काम टाकून उभी राहिली. खरं सांगावं तर रोजगार जाणार, आणि नवऱ्याचं मिलमधलं काम आधीच सुटलेलं. गप्प बसावं तर या भल्या माणसाचं वाटोळं. शेवटी ती पुढे झाली.

"साहेब, पाण्याच्या ओळीलाबी मी औषधच लावलं. एका ओळीचं औषध दोन्हींत निम्मं निम्मं वाटलं."

का, एवढंच सरांनी विचारलं.

कलाबाईला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. एका पंगतीला तूप वाढायचं अन् शेजारच्या पंगतीला पाणी, हे पाप तिच्या हातून होणार नव्हतं. वाढणाऱ्यानं दुजाभाव करू नये, हे आईनं लहानपणीच बजावलेलं. लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती तिनं खाली मान घालून सांगितली. औषध मधेच संपलं. कुंपणापाशी शेवटची सहा झाडं तशीच राहिली.

सर उठून पळतच सुटले. त्या सहा झाडांवर एकही बोंड नव्हतं. सगळी खाली मातीत पडली होती.

कलाबाई धापा टाकत मागोमाग आली. आता आपलं नाव कापणार, हे ती धरूनच चालली होती. चुकलं साहेब, म्हणत तिनं हात जोडले.

"कलाबाई, उद्या लवकर या. मोठ्या साहेबांना ही सहा उपाशी झाडं दाखवायची आहेत. औषध लागू पडतं, आणि निम्म्यातच भागतं."