दादाचा कप

चार-पाच वर्षांनी दादा उगवला, दोन दिवस आईकडून लाड करून घेतले आणि आला तसा गेला. मागे राहिला गादीवर टाकलेला ओला टॉवेल, बेसिनमधले दाढीचे केस आणि उरलेल्या चहात विझवलेली सिगारेटची थोटकं. बहिणीने नाक दाबून सगळं आवरलं. कप मात्र आईने धुऊ दिला नाही. "राहू दे गं, त्याचा हात लागलाय." आठवड्याभरात कपाला असा वास सुटला की बहिणीला स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तरी मळमळायचं.

रविवारी तिने आईला तारांगणात नेलं. तिथे निवेदन करायची तिची नोकरी होती. त्या दिवशी माईकवर ती जरा जास्तच ठासून बोलली. "धूमकेतू म्हणजे धुळीने बरबटलेला बर्फाचा गोळा. कुठून तरी लांबून सूर्यापाशी येतो, ऊब घेतो, आपली घाण वाटेत सांडतो आणि वळसा घालून चालता होतो. पृथ्वी दरवर्षी त्या घाणीतून जाते. ती घाण हवेत जळताना दिसते, तिलाच आपण उल्कावर्षाव म्हणतो."

घुमटावर उल्का पडू लागल्या. पहिल्या रांगेत आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.

बाहेर आल्यावर बहिणीने विचारलं, "काय मागितलंस?"

"दादाला लवकर परत येऊ दे, दुसरं काय?"

"आणि माझ्यासाठी?"

आई गोंधळलीच. "तुझ्यासाठी काय मागायचं? तू तर घरातच असतेस."