कोमेया वाडीचं सार्वमत

स्पेनपासून वेगळं होण्यासाठीच्या कॅटलोनियाच्या सार्वमताच्या दिवशी स्पेनचे पोलीस मतपेट्या जप्त करायला लाठ्या घेऊन आले, तेव्हा एर्मेनगोल शाळेच्या दारात आडवा पडला होता. "मत देणं गुन्हा कधीपासून झाला रे?" असं तो गळा फाडून ओरडला होता, आणि त्या एका वाक्यावर पुढे नगराध्यक्ष झाला.

आज त्याच्याच हद्दीतल्या कोमेया वाडीनं, गावापासून वेगळं व्हायचं का, यावर सार्वमत ठेवलं होतं.

"चार घरं आणि दहा डुकरं, म्हणे वेगळे होणार!" टोमॅटो चोळलेला पाव चावत तो खेकसला. "उद्या डुकरंही मत मागतील! कायदा म्हणून काही आहे की नाही? फेलिउ, जा, मतपेट्या उचलून आण."

गावचा शिपाई फेलिउ दुपारी हात हलवत परत आला. "साहेब, शाळा, चर्च, गोठे, सगळी वाडी पालथी घातली. पेट्या कुठेच नाहीत."

एर्मेनगोलनं कपाळावर हात मारून घेतला.



"अरे गाढवा, दारूच्या रिकाम्या पिंपांत बघ! मी तेव्हा तिथेच लपवल्या होत्या, त्या मठ्ठ पोलिसांना शेवटपर्यंत सापडल्या नाहीत."